हनुवटीवर चालणारा ऑर्केस्ट्रा

आमच्या ऑर्केस्ट्रापुढं काडी हलवणारा माणूस कधी नव्हता बघा. माझे दोन्ही हात पेटीत अडकलेले, एक भात्यावर, एक पट्ट्यांवर. मग इशारा करायचा तो हनुवटीनं. वर धरली की चालू ठेवा, खाली टेकवली की थांबा. बीडच्या भजनी मंडळापासून सुरुवात केली. त्यात ढोलकी आणली, कव्वालीच्या टाळ्या आणल्या, लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेट आणला. रागदारी शिकलेले म्हणायचे, बाई गाणं बाटवते. बँडवाले म्हणायचे, बाई लई रडकं गाते. दोन्हीकडनं बोलणी खातखात केस पांढरे झाले.

आता जिथं तिथं डीजे. तलवाड्याच्या यात्रेत एक कार्यक्रम आमचा असायचा, तोही यंदा डीजेच्या घशात जायच्या बेतात होता. तो गेला तर मंडळी पांगणार, हे सगळ्यांनाच ठाऊक. तेवढ्यात तिथल्या एका पुढाऱ्याचा सत्कार निघाला. सत्काराचा संयोजक म्हणाला, "मावशी, साहेब खूश झाले तर यात्रा तुमचीच समजा."

साहेब दुपारी येणार होते. आम्ही उन्हं उतरेपर्यंत वाजवत बसलो. "अजून एक घ्या, आलेच साहेब," असं किती वेळा झालं. शेवटी संयोजकच कंटाळला, "घ्या आटपून" म्हणाला. मी भैरवी लावली. भैरवी म्हणजे शेवट. तिच्यानंतर काही गायचं नाही, हे आम्ही पाळतो. अन् नेमक्या तेव्हाच गाड्या आल्या.

संयोजक स्टेजखालून हात गरागरा फिरवायला लागला. थांबू नका! मी हनुवटी वर धरली. भैरवीतूनच लावणीत शिरले, लावणीतून कव्वालीत, सूर मात्र भैरवीचेच. जन्मभर हेच तर केलं. साहेब हार घेत होते, फोटो काढून घेत होते. आमच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

क्लॅरोनेटवाले भाई माझ्याच वयाचे, एरवी गॅरेज चालवतात. त्यांचा दम तुटायला लागला, ओठ काळेनिळे पडले. पण बँडमध्ये वाढलेला माणूस इशारा मिळाल्याबिगर वाद्य तोंडातून काढत नसतो. ते माझ्याकडं बघत होते, अन् मी साहेबांकडं. मग एकदा मी भाईंकडं बघितलं.

हनुवटी खाली टेकवली.

सगळं एकदम थांबलं. तेव्हा कुठं साहेबांनी मान वळवली.

संयोजक धावत आला. "मावशी, काहून थांबलात?"

"भैरवी झाली बाबा."

"मग परत पहिल्यापासून करा की!"

"झालेली भैरवी माघारी फिरत न्हाई."

"मग यात्रेला डीजेच सांगतो," म्हणाला अन् तरातरा गेला.

भाई खुर्चीत टेकून पाणी पीत होते. "आपा, अजून चाललं असतं. मी काय मरत होतो?"

"मग काय मरून दाखवणार होतात?"

हसले, हसताहसता खोकत बसले.

परतताना टेम्पोत कुणी यात्रेचं नाव काढलं नाही. गेवराई मागं पडल्यावर ढोलकीवाल्यानं विचारलं, "मावशी, गुरुवारी तालीम हाय का?"

"हाय. भाईंना मात्र सुट्टी."

"मेरेकू कायकू?" मागून आवाज आला.

मी हनुवटी खाली टेकवली. लई दमले होते.