कणगीमावशीचं अजून एक ऊन

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, कोलशेतच्या आमच्या इमारतीतल्या धान्यखोलीत कणगीमावशीवर अन्याय झाला. करणाऱ्यांत मीही आहे. म्हणूनच हे आमच्या बचत गटाच्या पत्रकात न छापता इथे लिहितेय.

मावशी इथलीच, आगरी. शेतावर टॉवर उभे राहिले तरी तिची कणगी सुटली नाही. बचत गटाच्या बायका मुरबाडहून वर्षाचं भात आणून एकत्र साठवायला लागल्या, तेव्हा खोलीची किल्ली आपसूक तिच्या कमरेला गेली. बांबूच्या कणगीला शेणमातीचं लिंपण, तळाला राख, थराथरात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. औषधाचा कणही नाही.

दात हे तिचं यंत्र. भाताचा दाणा दाढेखाली धरायची, डोळे मिटायची. कट्ट वाजलं तर भरा. मऊ तुटला तर, "अजून एक ऊन दे गो."

"मावशी, दात पडले की काय करशील?"

"तुझे घेईन उसने. नायतरी बडबडीतच झिजतात."

भरल्यावरही तिला चैन नसे. रोज सकाळी कणगीत कोपरापर्यंत हात घालायची. ओल राहिलेलं धान्य आतून तापतं. "ताप आलाय का बघते," म्हणायची, आणि हात बाहेर येईपर्यंत आम्हीही श्वास धरून उभ्या.

गेल्या हंगामात मी ‘विषमुक्त धान्य’ मेळावा ठरवला. पाहुण्यांना भरलेली कणगी दाखवायची होती. मावशीने दाणा चावला, मान हलवली. "अजून एक ऊन."

"बॅनर लागलाय मावशी! उद्या लोक येतायत."

"सोंड्यांना वाचता येतो काय तुझा बॅनर?"

मी भरायला लावलंच.

ज्येष्ठात भात कोमट लागलं. आषाढात भाताला कीड लागली, भिंतीवर सोंडे चढले. गटात एकच बोंब, मावशीचा पाला-राख जुनाट! एक ऊन कमी पडलं, हे मी सांगितलं नाही. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "मी करतो बंदोबस्त." काय करणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी माझी घाई कबूल करावी लागली असती.

सोमवारी त्यांनी आपल्याकडच्या किल्लीने खोली उघडून कणगीत गोळ्या टाकल्या. या गोळ्यांतून निघणारा वायू किड्यांना मारतो, तसा माणसालाही मारतो. दारावर कागद नाही, मावशीला निरोप नाही. मंगळवारी ती नेहमीसारखी आत गेली. हात घातला. वाकली ती वाकलीच. गटातल्या एकीने तिला ओढून बाहेर काढलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात तीन दिवस. ती होती त्या वॉर्डचं दार उघडलं की नर्सच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच काम मला होतं. तिसऱ्या दिवशी मावशी बोलली, "भात कोनी खाल्लं नाय ना गो?"

खाल्लं नव्हतं. मी रडत माझी घाई सांगितली.

"ठावं हाय. दाना मीच चावला व्हता ना?"

"मग गटात बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून थांबले."

आता ती शहाडला लेकीकडे असते. दोन पायऱ्या चढली की थांबते. भेटायला गेले की मी पुढे चालते आणि मागे तिचा श्वास ऐकत राहते.

तुमच्या इमारतीत, गटात, दुकानात धान्य साठवलेलं असेल तर आजच जा. दार उघडू नका, बाहेरूनच विचारा, आत काय टाकलंय, कधी टाकलंय, आणि रोज आत कोण जातं. ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. लिहिलं जाईपर्यंत तिथून हलू नका. आणि चूक तुमची असेल, तर सगळ्यांत आधी तुम्ही बोला.