जाऊबाईंचा पाळणा आणि कॉपीराइट

झाशीच्या कचहरीत मला ‘मोबाइल वाली वकील साहिबा’ म्हणतात. आधी चिडायचे, आता सरळ ‘हां भैया, बोलो’ म्हणून मोकळी होते. आजूबाजूच्या वकिलांकडे शेताचे बांध, वाटण्या, न वटलेले चेक असं सगळं भरभक्कम काम. माझ्याकडे ओरछा गेटचा फोटोग्राफर येतो, त्याने काढलेले लग्नाचे फोटो एका मॅरेज हॉलने परस्पर आपल्या पानावर चढवले म्हणून. टहरौलीचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या म्हशीचा फोटो कुणीतरी उचलून पशुखाद्याच्या जाहिरातीत लावला होता. ‘भैंस हमाई, फोटू हमाई, और नाम उनको!’ एवढं बोलून ते माझ्यासमोर फतकल मारून बसले. मला फार आवडले ते. म्हशीवर इतका जीव असलेला माणूस खोटं बोलणार नाही, असं माझं आपलं मत.

सुरुवातीला असली प्रकरणं घेऊन उभी राहिले की कोर्टात हसू फुटायचं. एका साहेबांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘यह वेबसाइट किस थाने में लगती है?’ आता तसं राहिलं नाही. पुराव्याचा कायदा नवा आला, मोबाइलमधला पुरावा कसा द्यायचा ते माझ्याहून तरुण मुलं पाठ म्हणून दाखवतात, आणि कृत्रिम आवाजाने कुणाचंही गाणं कुणाच्याही गळ्यात घालता येतं म्हणून मोठमोठ्या हायकोर्टांना घाम फुटलाय. मी झाशीत बसून ते निकाल सकाळच्या चहाबरोबर वाचते. खरं सांगायचं तर मजेत आहे मी.

काकू माझ्याकडे आल्या त्या गेल्या हिवाळ्यात. दुपारची वेळ, मी चेंबरबाहेर उन्हात खुर्ची टाकून शेंगदाणे खात होते. आमच्या इथल्या गणेशोत्सवात माझी आई आणि या काकू वर्षानुवर्षं एकाच ओळीत बसून आरती म्हणायच्या, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून ओळखते. मागे काका होते, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, हातात प्लास्टिकची फाइल.

‘अगं, माझी जाऊबाई उडवली त्यांनी,’ काकू म्हणाल्या आणि बसल्या त्या रडायलाच लागल्या.

मी घाबरलेच. त्यांच्या मोठ्या जाऊबाई वारल्याला तर बरेच दिवस झाले होते. मग काकांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. काकूंचं इंटरनेटवर एक चॅनल आहे, त्यावर त्या आमच्या इकडच्या मराठी घरांतले पदार्थ आणि बारशाची, डोहाळजेवणाची गाणी टाकतात. जाऊबाई विधवा झाल्यापासून यांच्याकडेच राहायच्या, मूलबाळ नव्हतं. रेल्वे क्वार्टरमध्ये असताना काकूंनी एकदा त्यांचा पाळणा मोबाइलवर रेकॉर्ड करून चॅनलवर टाकला होता. आता एका गाण्यांच्या कंपनीने तक्रार केली की हा पाळणा आमच्या अल्बममधला आहे, आणि साइटने व्हिडिओ काढून टाकला.

‘मूळ रेकॉर्डिंग कुठंय?’ मी विचारलं.

‘ते तेव्हाच पुसलं,’ काकू म्हणाल्या. ‘फोन भरला होता ना. म्हटलं, वर चढवलंय तर आता खाली कशाला ठेवायचं?’

म्हणजे जाऊबाईंचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण कुलूपबंद झालं होतं. कंपनीचं म्हणणं टिकलं तर तो कायमचा गेला.

‘गाणं तर त्यांच्या अल्बममध्येही आहे, काकू.’

‘त्यांच्या अल्बमला काय चाटू? मला माझी जाऊ पाहिजे.’

मी म्हटलं, काळजी करू नका, पाळणा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, त्यावर कुणाचाच मालकी हक्क नाही. पण गाणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग वेगळं. विहीर गावाची असली तरी आपण भरून आणलेली घागर आपली असते. रेकॉर्डिंग काकूंनी केलं, तो हक्क काकूंचा. गायिकेचा म्हणून जाऊबाईंचा जो हक्क होता, तो वारसाने दीर म्हणून काकांकडे आला. उलट नोटीस देऊ, की तक्रार चुकीची आहे, व्हिडिओ परत लावा. मग कंपनीने कोर्टात जावं नाहीतर गप्प बसावं.

यावर काकांनी घसा खाकरला. ‘एक उत्तर मी आधीच पाठवलंय.’

फाइलमधून त्यांनी कागद काढला आणि मी कपाळाला हात लावला. सविनय निवेदन है, अशी सुरुवात. पुढे काय, तर आमच्याकडून अनवधानाने प्रमाद घडला असल्यास क्षमा व्हावी, आणि शेवटी, ‘भविष्य में ऐसी गलती की पुनरावृत्ति नहीं होगी।’ खाली काकूंची सही. हेच साइटला, हेच कंपनीला.

‘काका! अहो, चूक केली नाही तर माफी कशाची?’

‘वरून कागद आला की आधी माफी मागायची, मग काय ते बघायचं,’ काका म्हणाले. ‘अख्खी नोकरी अशीच केली. कधी एक इन्क्रिमेंट थांबलं नाही.’

रेल्वेतली सगळी पिढीच या वळणाची. माझे वडीलसुद्धा गॅसवाल्याला तक्रार लिहिताना ‘आपल्याला त्रास देत आहे, क्षमस्व’ लिहायचे. पण कायद्याच्या कागदात तो कबुलीजबाब होतो. शिवाय कंपनीने आपल्या अल्बमची तारीख काकूंच्या व्हिडिओच्या आधीची घातली होती. तारीख त्यांच्या बाजूने, माफी त्यांच्या बाजूने. आमच्या बाजूने फक्त काकूंचा शब्द.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी गोड. ‘मैडम, आंटीजी ने तो खुद माफ़ी माँग ली है। अब बात क्या बची?’ मला असा संताप आला की विचारू नका. फोन ठेवून मी आमच्या कारकुनावर, मुंशीजींवरच ओरडले, ते बिचारे फायलीला दोरी बांधत होते. ‘हमने क्या किया, मैडम?’ म्हणाले. काही नाही केलं, भैया, चहा सांगा.

दुसऱ्या दिवशी काका-काकूंना बोलावून मी कंपनीचं ते गाणं लावलं. खाली ढोलकीचा ठेका, घुंगरू, काय काय कोंबलेलं. वर बाईचा आवाज. ‘हाच गं तिचा आवाज,’ काकू म्हणाल्या, पण नुसतं असं म्हणून चालत नाही. कंपनी म्हणणार, आमच्या गायिकेचा आवाज तसाच आहे. मी हेडफोन लावून परत परत ऐकत बसले.

तिसऱ्या कडव्यात ओळ होती, ‘दोरी हलवी आत्याबाई.’ गायिका ‘आत्या’ म्हणून थांबते. मध्ये लांबच लांब बासरी. मग ‘बाई’ येतं. मी म्हटलं, हा कुठला शहाणा संगीतकार, शब्दाच्या मधोमध बासरी घालतो? श्वासासाठी म्हणावं, तर इतका लांब श्वास कुणी घेत नाही. ताल चुकला म्हणावं, तर बाई पुढे नेमक्या त्याच सुरावर, त्याच जोरात ‘बाई’ म्हणते, जसं काही झालंच नाही.

आणि मग मला एकदम आमची आई आठवली. काका-काकूंच्यासारखंच आमचं क्वार्टरही रेल्वे यार्डाला लागून होतं. मालगाडी जायला लागली की कानाशी ओरडलं तरी काही ऐकू येत नसे. म्हणून आमच्याकडच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या, गाडीला जाऊ द्यायच्या आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढे बोलायच्या. कुणी मागचा शब्द परत म्हणायचं नाही. मला मार पडायचा तोही असाच. ‘तुला किती वेळा’ म्हणून आई हात उगारून उभी, मी समोर उभी, गाडी जातेय, मग ‘सांगितलं!’ आणि सटकन चपराक. पळून का गेले नाही कधी, देव जाणे. पाहुणे आले की हसायचे, आम्हाला काही वाटायचंच नाही.

‘काका,’ मी म्हटलं, ‘हा पाळणा क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात रेकॉर्ड केला होता ना?’

‘तिथंच. का गं?’

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि बासरीची जागा ऐकवली. बासरीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी धडधडत होतं. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

‘मालगाडी आहे. भरलेली,’ ते म्हणाले. ‘बबीनाकडे चाललीय.’

नुसत्या धडधडीवरून बबीना स्टेशन कसं कळलं ते मी विचारलं नाही. माणूस खूश होता, असू दे म्हटलं. मी खुर्चीतून उठून काकूंना मिठीच मारली.

उलट नोटीस मी स्वतः लिहिली. काकांना त्यात निदान शेवटी तरी ‘आपका आज्ञाकारी’ हवं होतं, मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. आधीचं पत्र गैरसमजातून आणि घाबरून लिहिलं, ते हक्काची कबुली नाही, असंही स्पष्ट घातलं. आपलं नाव-पत्ता कंपनीला जाणार, कदाचित कोर्टाचा कागद येईल, हे मी काकूंना नीट समजावलं. ‘येऊ दे मेल्यांना,’ त्या म्हणाल्या आणि ठणठणीत सही केली.

मग पुन्हा त्या गोड माणसाला फोन केला. म्हटलं, ‘भैया, आपकी गायिका ‘आत्या’ बोलकर इतनी देर चुप क्यों है?’

‘मैडम, वो म्यूज़िक पीस है।’

‘अच्छा। तो बिना म्यूज़िक वाली रिकॉर्डिंग भेज दीजिए, और गायिका का नाम। मुझे बस उनसे पूछना है कि स्टूडियो में मालगाड़ी कौन लाया।’

मग तो ‘देखते हैं, मैडम’ म्हणाला. देखायला त्याच्याकडे होतं काय? नेटवरून आयतं उचललेलं, खाली ढोलकी वाजवून, तारीख मागची घालून आपलं म्हणून नोंदवलेलं. साइटवरचं मशीन दोन आवाज जुळतात एवढंच सांगतं. कुणी कुणाचा चोरला, ते सांगायला माणूसच लागतो. कंपनीने गुपचूप तक्रार मागे घेतली. अल्बममधून ते गाणंही काढलं. एक शब्द माफीचा नाही, बरं का. काकांना याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

व्हिडिओ परत आल्याचं कळलं तशा काकू रिक्षा करून माझ्याकडेच आल्या. घरी बसून बघवेना म्हणाल्या. काका रिक्षावाल्याशी बोलत बाहेर थांबले. मी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि जाऊबाईंना पहिल्यांदाच गाताना पाहिलं. व्हरांड्यात पाटावर बसलेल्या, पदर खांद्यावरून घेतलेला, नजर कॅमेऱ्याकडे चुकूनही नाही. आवाज काही फार गोड नव्हता, पण भरलेला होता. तिसऱ्या कडव्याला थांबल्या, मागून गाडी धडधडत गेली, त्यांनी तेवढ्यात पदर सारखा केला आणि पुढे म्हणू लागल्या. काकू तोंडावर हात धरून बघत होत्या.

पाळणा संपला. मला वाटलं व्हिडिओही संपला, मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात जाऊबाईंनी मान वर करून पहिल्यांदाच समोर बघितलं, फोन धरून उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या जावेकडे, आणि साध्या रोजच्या आवाजात म्हणाल्या, ‘झालं गं माझं. ठेव ते आता आणि चहा टाक.’

‘टाकते हो, जाऊबाई,’ काकू म्हणाल्या आणि माझ्या चेंबरमध्ये खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.