माझ्या बोटांवरचे डाग

"या बाईला साडीला हात लावू देऊ नका."

गिऱ्हाईक बाई माझ्याशी बोललीच नाही. शेठकडं बघून बोलली. लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आली होती. मी घडी मोडून पदर दाखवत होते. तिनं दोन बोटांनी साडी माझ्यापासून बाजूला ओढली. माझ्या बोटांवर पांढरे डाग होते. कोड.

भिंगारच्या बाजारातल्या त्या दुकानात मी अकरा वर्षं साड्या दाखवल्या. शेठ त्या दिवशी एवढंच म्हणाले, "उद्यापासून हातमोजे घालत जा. गिऱ्हाईक बिचकतं."

मी घातले. न बोलता घातले. त्याची अजून लाज वाटते.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, "हे कुणाला लागत नाही. बाकी तुम्ही ठणठणीत आहात." ठणठणीत. आणि आतून मी पोखरली जात होते. बसमध्ये शेजारची उठली की वाटायचं, माझ्यामुळं उठली. जावेनं माझा कप दोनदा विसळला की मनात नोंद व्हायची. एकदा रस्त्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं हात सोडवून घेतला. तिला मैत्रीण दिसली होती. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पोटच्या पोरीवर संशय घेतला मी.

दुकानात शेठ आधी गोदामाची किल्ली माझ्या हातात द्यायचे. आता टेबलावर टाकायचे, लांबून. हासुद्धा माझा भासच असेल, असं मी स्वतःला समजवायचे.

मग एकदा आई कोल्हारहून भेटायला आली. दुकानातल्या बाकड्यावर बसली. तिच्यासमोरच शेठनं किल्ली टाकली. आईनं ते बघितलं. दुपारी डबा खायला आम्ही मागच्या ओट्यावर बसलो, तेव्हा म्हणाली, "रोज अशीच टाकतो व्हय?"

"व्हय."

"तुझ्या पणजीच्या वंजळीत असंच वरनं पानी वतायचे. तिच्या हातावं तर डाग बी नव्हता."

मी डबा बंद केला. कुणी आडनाव विचारलं की मी गावाचं नाव सांगायचे. अकरा वर्षं. पण शेठला माझं आडनाव पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग डाग हे नुसतं निमित्त होतं का? खात्री नाही. आजही नाही.

जेवायला काढलेले हातमोजे मी ओट्यावरच ठेवले. आत गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"शेठ, किल्ली हातात द्या."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तुमचं सांगा."

त्यांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं. किल्ली उचलली. पुन्हा टेबलावरच ठेवली.

मी ती घेतली नाही. आईला घेऊन बाहेर पडले.

आता घराच्या पुढच्या खोलीत मी माझ्याच साड्या विकते. दारावर माझं नाव आहे, आडनावासकट. डाग मनगटापर्यंत आलेत. औषध कधी घेते, कधी नाही. संशय काही गेलेला नाही, अजून प्रत्येकीची नजर मी तपासते. पण आता गप्प बसत नाही. माझे हात बघून कुणी साडी मागं सारली, की मी विचारते, "का?"

उत्तर येईपर्यंत त्या साडीची घडी घालत नाही.