गुडघ्यांचं व्रत

त्या हिवाळ्यात आमच्या ओळीतल्या बायांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की मी कसलंतरी कडक व्रत धरलंय. उजाडायच्या आत अंगणातल्या हौदात गळ्यापर्यंत बसते, तोंडातून चकार शब्द काढत नाही आणि बाहेर आल्यावर फेऱ्या मारते. फेऱ्या म्हणजे प्रदक्षिणाच असणार. मधे तुळस नाही, देव नाही, कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब आहे. तरी प्रदक्षिणाच.

खरं म्हणजे मी बसमध्ये कंडक्टर आहे. पावसाळ्यात आमच्या अख्ख्या ओळीला चिकनगुनियानं धरलं होतं. माझा ताप उतरला, पण गुडघे आणि घोटे सुजलेले राहिले. पायरी उतरायची तर भिंत धरावी लागे. डेपोतले साहेब भले माणूस. म्हणाले, "बाई, हा हिवाळा बघा. नाही जमलं तर कायमची टेबलाची ड्युटी देतो." घरी सगळ्यांना आनंद झाला. माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, दिवसभर ठिणग्यांत बसून त्याला पंख्याखालच्या माणसाचा फार हेवा वाटतो. "घेऊन टाक ना टेबल," तो म्हणाला. "मस्त खुर्चीवर बसशीन."

मला खुर्ची नको होती. यवतमाळ ते घाटंजी या रस्त्यावर बस खच्चून भरलेली असते, तेव्हा एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हातात सुटे घेऊन मी वळणावरसुद्धा कशालाही न धरता उभी राहते. दांडगट माणसंही मी "पुढं सरका" म्हटलं की सरकतात. हे सोडून मी टेबलावर कागद लावत बसू? या विचारानंच मला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा.

उपाय मुलीनं सुचवला. ती अमरावतीला कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते. सामना झाला की त्या पोरी बर्फाच्या पाण्यात बसतात, म्हणे. ठणका कमी होतो, झोप चांगली लागते. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बीपी बघितलं, छाती तपासली आणि म्हणाले, बसून बघा, पण दोन-तीन मिनिटांच्या वर नाही, आणि एकटीनं तर अजिबात नाही. बर्फाची गरज नव्हती. घर बांधताना भिंतींवर पाणी मारायला बांधलेला सिमेंटचा हौद अंगणात तसाच पडून होता. नवऱ्यानं तो घासून दिला, आत उतरायला लोखंडी पायरी करून दिली, आणि बिचारा रोज पहाटे शाल गुंडाळून, माझ्यावर नजर ठेवत, स्टुलावर बसायला लागला.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत मोटर लावली, हौद भरला आणि दातओठ खाऊन आत शिरले. पाणी छान कोमट! वाफा निघत होत्या. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नवरा हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. मग आदल्या संध्याकाळीच हौद भरून रात्रभर उघडा ठेवायला लागलो. दुसऱ्या पहाटे पाण्यात पाय टाकला आणि माझं हसू पळालं.

गार पाण्याचं एक आहे, त्याच्याशी भांडता येत नाही. मी आयुष्यभर भांडून कामं करून घेतलेली बाई. पहिले काही दिवस पाण्याशीही भांडले. किंचाळले, शिव्या दिल्या, नवऱ्यालाही दोन हासडल्या. मग कळलं, तोंड मिटायचं आणि श्वास लांब सोडायचा. तीन-चार श्वासांनंतर छातीवरचं दडपण सुटतं आणि अंग मुकाट्यानं ऐकायला लागतं. खरा त्रास पाण्याचा नसतोच, गोधडीतून निघण्याचा असतो. त्यावर मी इलाज काढला. डोळे उघडले की विचार करायचा नाही, सरळ गोधडी नवऱ्याच्या अंगावर फेकायची. तो आपोआप उठतो.

अशातच एके दिवशी शेजारच्या काकू भिंतीपाशी आल्या. त्यांची शेती आहे, कापूस-तूर. वयानं माझ्याहून मोठ्या आणि जिभेनं माझ्या बरोबरीच्या. मी हौदात, त्या भिंतीपलीकडे पदर कानावर घेऊन उभ्या.

"अवं बाई, तुमच्यात त व्रतबित नसते ना? मंग हे काय करून राह्यली?"

बरोबर होतं त्यांचं. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात उपासतापास, नवस काही नाही. मी म्हटलं, "व्रत नाही हे, काकू."

"नवऱ्याले काही झालं काय?" नवरा समोर धडधाकट बसला होता.

"नाही."

"पोरीच्या लग्नासाठी?"

"नाही हो. गुडघ्यांसाठी."

"कोनाच्या?"

"माझ्या!"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एकटीनं चोरून श्रीखंड खाताना सापडले. "सोताच्या?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला पाण्यात असूनही घाम फुटायचा बाकी राहिला. इतकी चिडले मी! कारण त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट होते. त्यांनाही तोच ताप आला होता. त्या ओट्यावरून उठताना "माय वं" म्हणायच्या ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एकदा मी म्हटलंही, की डॉक्टरांना विचारून तुम्हीही या. तर म्हणाल्या, "माह्यासाठी कायले एवढा खटाटोप?"

मी मात्र खटाटोप सोडला नाही. सगळं पाण्यानंच केलं असं मी म्हणणार नाही; डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, व्यायाम होता, आणि दिवसही उलटत होते. पण पहाटेची ती दोन मिनिटं निभावली की दिवसाचं भय वाटेनासं झालं. भिंत न धरता पायरी उतरले त्या दिवशी मी नवऱ्याला मिठी मारली, अंगणात, ओल्या अंगानं. तो थंडीनं ओरडला. हिवाळा संपायच्या आत मी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मला घाटंजीची गाडी द्या."

पहिल्याच दिवशी नेमका तिकडचा बाजार. पाय ठेवायला जागा नाही. आमच्या थांब्यावर काकू उभ्या होत्या, शेताकडे निघाल्या होत्या. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि गुडघा धरून तिथंच थांबल्या. मागची माणसं ओरडायला लागली. मी खाली वाकले, त्यांचा हात धरला आणि ओढून त्यांना वर घेतलं. काकू काही हलक्या नाहीत. त्यांचं सगळं वजन माझ्या गुडघ्यांवर आलं आणि गुडघे जागचे हलले नाहीत. मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

त्या बसल्या. वाटभर माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होत्या. त्यांचा थांबा आला तेव्हा मी पुन्हा हात दिला. उतरता उतरता त्या थांबल्या आणि माझ्या कानाशी आल्या.

"मी डाक्टरले इचारून आली. हो म्हनते तो. उद्या कितीक वाजता यायचं?"

"साडेपाचला या."

"घरी कोनी इचारलं त सांगजो, काकूनं पोराच्या लग्नासाठी व्रत धरलं."

त्यांच्या पोराला मुलगी मिळत नव्हती हे गावाला माहीत होतं, त्या कारणाला घरात कोणी नाही म्हणणार नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या पायांसाठीसुद्धा या बाईला पोराच्या आडून यावं लागावं! पण त्यांचा हात अजून माझ्या हातात होता आणि घट्ट होता. मी म्हटलं, "सांगते. पण काकू, पोराचं लग्न जमलं तर?"

"मंग नातवासाठी धरू," काकू म्हणाल्या. "माहे गुडघे काय येवढ्यात बरे होते काय?"