हातभर दोरी

मी भाव पाडायला लागलो की तो कॅल्क्युलेटर पालथा घालायचा. "शेठ, आधी चहा घ्या. मग नाही म्हणतो." चहा यायचा, आणि मागोमाग खरोखरच 'नाही' यायचं.

दोह्यातल्या बिन महमूद भागात एका ट्रॅव्हल एजन्सीत हा वसईचा गृहस्थ बसायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल: त्याचा आवाज कधी चढत नाही, म्हणूनच आपला चढतो. मी नाशिकहून वेल्डर म्हणून आलो, आज इंडस्ट्रियल एरियात माझं वर्कशॉप आहे. लोखंडवाले मला बघून आधीच भाव उतरवतात. या माणसापुढे मात्र माझं एकदाही चाललं नाही. तो राग अजून आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मी घरी सांगून बसलो की कॅरिबियनला शिडाची बोट भाड्याने घेऊ, आठ दिवस बेटाबेटांवर हिंडू, आणि बोट मी चालवीन. बायको हसली. मुलगी म्हणाली, "बाबा, सीरियसली?" मग तर माघार शक्यच नव्हती.

बोटवाल्यांचा फॉर्म आला. स्वतः चालवणार असाल तर अनुभव लिहा.

"दहा वर्षं लिहा," मी म्हटलं.

"कशाची?"

"पिकअप चालवतोय ना."

कॅल्क्युलेटर पालथा झाला. त्याचा बाप मच्छीमार होता. त्याने खणातून हातभर दोरी काढली, आपल्या खुर्चीच्या हाताला न बघता एक गाठ मारली. "ही मारून दाखवा. सुटली नाही तर वीस वर्षं लिहितो."

महिनाभर ती दोरी माझ्या खिशात होती. तीनदा त्याच्या खुर्चीला बांधली, तीनदा त्याने दोन बोटांनी ओढली आणि ती अलगद सुटली. "खलास, शेठ. चहा?" मी कप आपटला. त्याने टेबल पुसलं आणि फॉर्मवर लिहिलं: कॅप्टन तुमचाच द्या.

तोंड पाडून कॅरिबियनला गेलो. पण पहिल्याच सकाळी तिथला कॅप्टन सगळ्यांसमोर मला म्हणाला, "कॅप्टन, सुकाणू घ्या." रोज तासभर. मुलीने व्हिडिओ काढले. बायको म्हणाली, "अहो, नीट समोर बघा." दोऱ्यांना मात्र तो हात लावू देईना, म्हणून दुपारी मी माझ्याच दोरीवर गाठी मारत बसायचो.

शेवटच्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तुम्हाला माणसाची पारख आहे." त्याने हसत मला दोह्याहून आलेला ईमेल दाखवला. 'यांना रोज तासभर सुकाणू द्या. घरच्यांदेखत कॅप्टन म्हणा. दोऱ्यांपासून लांब ठेवा.'

भांडणाची पूर्ण तयारी करून बिन महमूदला गेलो. तो नोकरी सोडून कायमचा वसईला गेला होता. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने चहा न विचारताच काय काम आहे ते विचारलं.

मी त्याच्या खुर्चीला दोरी बांधली. "जरा ओढून बघता?"

तिने ओढली. पुन्हा ओढली, जोर लावून. गाठ सुटली नाही. रिकामी खुर्चीच सरकत तिच्याकडे गेली.