मॅच गेली, ड्रम भरले

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी औरंगाबादेत घरोघरी डिश बसवायचो. लोक तिला छत्री म्हणायचे. शहर शेंद्र्याच्या बाजूनं भराभर वाढत होतं. नव्या कॉलन्यांत घराला रंग लागायच्या आधी गच्चीवर छत्री लागायची. नळाला पाणी मात्र नव्हतं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि गल्लीभर पिंपांची रांग लागायची.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आवर्जून सांगायचो, "जोराचा पाऊस आला की चित्र जाईल. घाबरू नका, पाऊस ओसरला की आपोआप येतं." लोक हसायचे. कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून होते, त्यांना मी काका म्हणायचो. ते तर हात जोडून म्हणाले होते, "त्या निमित्तानं तरी जाऊ दे बाबा एकदा!"

पोळा कोरडाच गेला. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मला पिशोरहून एका किराणा दुकानदाराचा फोन आला.

"चित्र अडकलंय तुमचं."

"बाहेर काय चाललंय?"

"बाहेर? पाऊस लई हाय! म्हणून तर दुकान सोडून टीव्हीपुढं बसलो."

मागोमाग लासूर स्टेशनहून आईचा फोन. "अरं, टीव्हीवर कायतरी इंग्रजी आलंय."

"आई, पाऊस आहे का?"

"व्हय. अंगणातलं घमेलं वाहायलंय."

"मग टीव्ही बंद कर अन् पाऊस बघ."

"तेच बघायले मी. तुला सांगावं म्हणलं."

मी खोलीच्या दारात येऊन उभा राहिलो. शहरावर अजून ऊन होतं. एरवी तक्रारीचा फोन आला की माझ्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचो. तासाभरानं आभाळ आमच्याकडं वळलं आणि असा पाऊस पडला की समोरचं घर दिसेना.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "अहो, मॅच ऐन रंगात आलीय आणि इथं सिग्नल नाही म्हणून पाटी!"

"पाऊस ओसरू द्या, काका. येईल."

अर्ध्या तासानं जोर कमी झाला, नुसती रिपरिप उरली. पुन्हा काका. आता आवाज चढलेला. "समोरच्यांचा टीव्ही सुरू झाला. माझाच बंद. तुम्ही मला डुप्लिकेट माल लावलाय. मी लेखी तक्रार करणार!"

हे मला लागलं. मी पाना आणि सिग्नल तपासायचा मीटर पिशवीत टाकला आणि मोटारसायकल काढली. रस्त्याला ओढ्यासारखं पाणी होतं. पार भिजलो, पण त्याचं काही वाटलं नाही.

काका टीव्हीसमोरून उठलेही नाहीत. नुसतं वर बोट दाखवलं. मी जिना चढलो, तर गच्चीच्या दाराला पलीकडून कडी. मी वाजवलं.

"कोण?" काकूंचा दबका आवाज.

"डिशवाला."

थोडी कुजबुज झाली. मग दार उघडलं. काकू पदर खोचून चिंब उभ्या होत्या. त्यांच्यामागं शेजारच्या भाभी. दोन्ही गच्च्यांमधली ठेंगणी भिंत ओलांडून आलेल्या. दोघींनी मिळून एक मोठी ताडपत्री बांधली होती. दोन टोकं पाण्याच्या टाकीच्या पाइपाला आणि दोन टोकं माझ्या छत्रीच्या दांड्याला. ताडपत्रीच्या पोटातून पाण्याची धार ड्रममध्ये पडत होती. वजनानं छत्री अशी वाकली होती की तिचं तोंड आभाळाऐवजी फरशीकडं झालं होतं.

"मोठ्यानं बोलू नका," काकू म्हणाल्या. "यांना कळलं तर मॅचपायी सोडायला लावतील."

"भैया, एक ड्रम बाकी है," भाभी म्हणाल्या. "अबी हात नक्को लगाओ."

धंद्याच्या हिशेबानं मी ती ताडपत्री तिथल्या तिथं सोडायला हवी होती. पण खोलीवर माझीही बादली तीन दिवसांपासून कोरडी होती. दांडा उपटून येईल म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

इतक्यात काका आले. डोक्यावर साधी छत्री, पायात सपाता. "काय झालं? काय गेलं त्यातलं?"

काकांनी ताडपत्री पाहिली, वाकलेली डिश पाहिली, मला पाहिलं.

"मी बांधलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही मॅच बघत होता."

काका पुढं आले आणि त्यांनी भरलेल्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"हे सगळं आपलं?"

"अर्धं भाभींचं."

काकांनी छत्री मिटली आणि एकदम ओरडले, "मग खालचं मोठं पिंप कशाला रिकामं ठेवलंय? पातेली आणा! कुकर आणा!" आणि स्वतःच जिना उतरू लागले. मग अर्धा तास आम्ही चौघं नुसते पाणी वाहत होतो. काकांनी पूजेचा तांब्यासुद्धा सोडला नाही.

पाऊस थांबल्यावर मी गाठी सोडल्या, दांडा सरळ केला, मीटर लावला. चित्र आलं तेव्हा खेळाडू एकमेकांशी हात मिळवत होते.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"कळेल उद्या," म्हणून काकांनी टीव्ही बंद केला आणि आम्ही काकूंची भजी खायला बसलो.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेऊन गेलो आणि ताडपत्रीसाठी गच्चीच्या कठड्यात लोखंडी हूक ठोकले. काका शेजारी उभे राहून मोजमाप सांगत होते. मधेच घसा खाकरून म्हणाले, "काल मी डुप्लिकेट म्हणालो होतो. ते विधान मागे घेतो."

एवढ्यात भिंतीपलीकडून भाभींनी हाक मारली, "भैया, हमारे तरफ बी दो हूक ठोक दो ना!"

मी ड्रिलची वायर गुंडाळली आणि भिंतीवर पाय टाकला.