राणेकाकूंचं जुनं दार

“मॅडम, ही स्लिप याच घराची कशावरून?” अपील ऐकणारे साहेब फाइलमधून मान वर न करताच म्हणाले. “दारावर नंबर कुठंय?”

नंबर नव्हताच. माझ्या अशील राणेकाकू, वय सत्तरीच्या पुढे, कागदांची पिशवी छातीशी धरून शेजारी उभ्या होत्या. साहेबांनी पंधरा दिवस दिले. तोवर पुरावा आणा, नाहीतर अपील फेटाळतो, असं स्पष्ट सांगितलं.

आधी प्रकरण सांगते. दिंडोशीच्या त्या वस्तीचा पुनर्विकास निघाला होता. अशा वेळी घरांची यादी बनते. ठरलेल्या मुदतीआधीचं घर असेल तर माणूस ‘पात्र’, म्हणजे नव्या बिल्डिंगमध्ये रूम. नाहीतर ‘अपात्र’, म्हणजे रस्ता. काकूंच्या नावापुढे अपात्र लिहिलं होतं. फार पूर्वी पहिला सर्वे झाला तेव्हा सर्वेवाल्यांनी प्रत्येक दारावर ऑइल पेंटने नंबर टाकला आणि त्याच नंबरची स्लिप हातात दिली. काकूंनी स्लिप जिवापाड जपली. दार मात्र मुलीच्या लग्नात बदललं. नवं, सनमायकाचं, एकदम झकास. नव्या सर्वेत त्या कोऱ्या दाराकडे बघून कोणीतरी ‘घर नंतरचं’ असं लिहून टाकलं. लाइटबिलही कामाचं नव्हतं. तेव्हा चार घरांत एक मीटर असायचा, आणि तो शेजाऱ्यांच्या नावावर.

मी लॉ करताना बोरिवलीला ज्या वकिलांकडे काम करायचे, त्यांचा एक नियम होता. जागा बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फार मोठा माणूस. माझं कॉलेज संध्याकाळचं, म्हणून चार वाजले की स्वतःच “पळ” म्हणायचे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आणि या केसमध्ये मी नुसते कागद बघून उभी राहिले होते.

शनिवारी काकूंच्या घरी गेले. चहा घेता घेता वर माळ्याकडे लक्ष गेलं.

“काकू, जुनं दार कुठंय? फेकलं का?”

“दार कोण फेकता गो? ह्यांनीच माळ्यार घातल्यानी ता.”

हे मला सुचलं त्यात हुशारी काही नाही. मी जोगेश्वरीच्या अशाच घरात वाढले. वडील मी दुसरीत असताना गेले. आई इमिटेशन ज्वेलरीचं काम घरी आणायची, कानातल्यांना खडे चिकटवायची. आमचं टेबल म्हणजे दोन डब्यांवर आडवं टाकलेलं जुनं दार. एका टोकाला खडे आणि गोंद, दुसऱ्या टोकाला माझी पुस्तकं. दहावीच्या वर्षी आमचं घर पाडलं, कारण दाखवायला एकही कागद नव्हता. परीक्षा मी माहुलला मावशीकडे राहून दिली. वकील व्हायचं तेव्हाच ठरवलं, खरं तर रागाने.

स्टुलावर चढले. ट्रंका, गाद्या, तांदळाचा डबा बाजूला केला. मोबाइलचा टॉर्च मारला. धुळीखाली पिवळ्या रंगात नंबर होता, स्लिपवरचाच.

“काकू, आता याला कोणी हात लावायचा नाही,” मी बजावलं. फोटो काढले आणि स्थळपाहणीचा अर्ज दिला, म्हणजे साहेबांनी स्वतः घरी येऊन बघावं. अर्ज मंजूर झाला.

पाहणीच्या दिवशी साहेबांच्या मागोमाग आत शिरले आणि म्हटलं, वाट लागली. साहेब येणार म्हणून काकूंनी अख्खं घर धुऊन काढलं होतं. दारात रांगोळी, भांडी लखलखीत. आणि ते जुनं दार माळ्यावरून उतरवून, सोड्याने घासून, भिंतीला टेकवून ठेवलेलं.

“काकू, सांगितलं होतं ना!”

“साहेबांका काय घाणेरडा दाखवूचा?”

ऑइल पेंटच तो, सोड्याला पुरून उरला. नंबर फिका झाला होता, पण वाचता येत होता. मी आधीचे फोटो पुढे केले, पण सोबत आलेल्या बिल्डरच्या वकिलांना आयतंच मिळालं. “सर, अशी फळी कुठूनही आणता येते. फोटोचं काय घेऊन बसलात?”

नव्या दाराच्या चौकटीवरून साहेबांनी बोट फिरवलं.

“आजी, चौकट जुनीच का?”

“तीच. निस्ता दार बदललला.”

“मॅडम, धरा जरा.”

मी आणि त्यांचा क्लार्क, दोघांनी ते जुनं दार उचलून चौकटीला लावलं. चौकटीवर पुट्टी भरून बुजवलेल्या तीन खाचा होत्या. दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांच्या खुणा बरोबर त्यांच्यासमोर आल्या. साहेबांनी नंबर मोठ्याने वाचला आणि पंचनाम्यात लिहायला लावला. बिल्डरचे वकील बाहेर जाऊन फोनवर बोलू लागले.

महिन्याभरात ऑर्डर आली. पात्र. काकूंनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग माझा हात धरून बसून राहिल्या. मला रडू आलं. अशिलासमोर वकिलाने रडू नये म्हणतात, पण आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आपल्या वेळेला पण असं कोणी आत येऊन बघायला पाहिजे होतं गं.” ज्या बाईने खडे चिकटवून मला काळा कोट दिला, तिला मी काकूंची ऑर्डर वाचून दाखवली.

आता नवी केस आली की मी आधी अशिलाच्या घरी जाते, कागद नंतर मागते. आणि पाहणी असली की आदल्या दिवशीच तिथे जाऊन बसते. नाहीतर लोक पुरावा धुऊन ठेवतात.